भरलेली बादली आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ

आपल्या स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा मला फटाके आणि सुरक्षितता या विषयावर लिहावयास सांगितले, तेव्हा मी प्रथम नकारच देणार होतो. या विषयावर दर दिवाळीला जे छापून येते ते आपण सर्वांनी इतक्या वेळा वाचले आहे, की त्यातील वाक्ये पाठ झाली आहेत. सुती कपडे घाला, मुलांवर लक्ष ठेवा, पाण्याची बादली जवळ ठेवा. ही पत्रके आपणच दवाखान्याच्या भिंतीवर चिकटवतो, आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री अकराच्या सुमारास बेल वाजली, की दाराशी काय उभे असणार हे ती वाजण्याच्या पद्धतीवरूनच ओळखतो. तरीही लिहावयास बसलो, याला कारण एक जुनी हकीकत आहे. ती मी आजवर मंडळाच्या कोणत्याही बैठकीत सांगितलेली नाही.

गोष्ट २००९ सालच्या दिवाळीची. सचिन तेव्हा सुरत महानगरपालिकेत आलेले नव्हते. ते २०२० साली आले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या सोसायटीने वर्गणी काढून एक भलीमोठी माळ आणली होती. फाटकापासून रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत ती अंथरली गेली. वर्गणीत माझाही वाटा होता. आणि डॉक्टर म्हणून मान देऊन तिची वात पेटविण्यास मलाच सांगण्यात आले. मी ती पेटवली. पाच-सात मिनिटे कोणाला कोणाचे ऐकू आले नाही. सर्वांनी टाळ्या वाजवल्या, फराळ झाला, आम्ही झोपी गेलो.

दुसरा दिवस उजाडला. इथे राहणाऱ्या मराठी माणसाला पाडवा आणि ‘साल मुबारक’ असे दोन्ही साजरे करावे लागते. सकाळी सव्वासात-साडेसातला मी नवे कपडे घालून बाहेर पडण्याच्या तयारीत होतो, तोच एक आजीबाई नऊ वर्षांच्या नातवाला कडेवर घेता येत नसतानाही कडेवर घेऊन आल्या. सोसायटीच्या मागे खोल्यांची एक रांग आहे, तिथले हे कुटुंब. मूळ धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातले. वडील लूमवर बारा तासांच्या पाळीत. मुलाचे तोंड पांढरे फटक दिसत होते, कारण त्यावर टूथपेस्टचा जाड थर दिला होता. भुवया आणि पापण्यांचे केस जळून गेले होते. उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा काळा.

झाले होते ते असे. झाडूवाला येण्यापूर्वी या मुलाने आणि त्याच्या दोन मित्रांनी रस्त्यावरचे न उडालेले फटाके वेचले. ते एकेक सोलून त्यातली दारू वर्तमानपत्राच्या कागदावर जमवली, आणि वाकून काडी लावली. दारू कागदावर मोकळी असली की ती फुटत नाही, भपकन पेटते. आणि पेटविणारा तिच्यावर वाकलेला असतो. मी आजीबाईंना पहिला प्रश्न विचारला, भाजल्यावर पाणी ओतले का? त्या म्हणाल्या, “घरमा पानी नही व्हतं, डॉक्टरसाहेब.” नळाला पाणी संध्याकाळी तासभर येई. सकाळी घरात होता तो फक्त पिण्याचा माठ.

मुलाच्या खिशात अजून चार-पाच न सोललेले फटाके होते. गुलाबी कागदाचे. आमच्या माळेचे.

त्याचे तोंड मी स्वच्छ केले, डोळ्यांत दारूचे कण रुतलेले दिसत होते म्हणून त्याला सुरतेच्या नव्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये घेऊन गेलो. एक डोळा पूर्ण बरा झाला. दुसऱ्याच्या बुबुळावर फूल राहिले. अंगठा आणि तर्जनी यांमधली कातडी आखडली, ती आजही आखडलेलीच आहे. तो कागद कोणत्या माळेचा होता, हे मी त्याच्या वडिलांना कधी सांगितले नाही.

त्याच वर्षी एप्रिल महिन्यात जळगाव जिल्ह्यातील पारोळ्याच्या फटाका कारखान्याला आग लागून वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. आपल्यापैकी बहुतेकांचे मूळ खानदेशात. हजिऱ्याहून निघणारा महामार्ग आपल्या सुरतेवरून धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव असा पुढे जातो. गावी जाताना आपण पारोळ्यात चहाला थांबतो. त्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात दुसरा विषय नव्हता. आणि सहा महिन्यांनी मी माळ पेटवली. माणसाची स्मरणशक्ती या बाबतीत फार सोयीची असते.

तेव्हापासून मी या विषयाकडे दोन बाजूंनी पाहतो. एक, पाणी. दुसरी, जे उडाले नाही त्याचे काय झाले.

आधी पाण्याविषयी. माझ्या डॉक्टर बंधु-भगिनींना हे नवे नाही. परंतु ही स्मरणिका त्यांच्या घरीदारीही वाचली जाते, म्हणून सविस्तर लिहितो. त्वचेला ज्वाळेचा स्पर्श क्षणभराचा असतो, पण ती उष्णता त्वचेत अडकून राहते आणि ज्वाळा विझल्यावरही काही काळ खोल खोल उतरत जाते. वरवरचे भाजणे खोल होते ते याच वेळात. साधे, वाहते, नळाच्या तापमानाचे पाणी वीस मिनिटे सोडणे हा यावरचा आजवर सिद्ध झालेला सर्वांत चांगला उपाय आहे. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत त्याचा लाभ होतो, मात्र जितके लवकर तितके उत्तम. वीस मिनिटे हा काळ ऐकण्यास छोटा आणि करण्यास मोठा वाटतो. दोन मिनिटांनी आग कमी होते, मूल शांत होते आणि घरचे थांबतात. थांबू नये. बर्फ मात्र चोळू नये. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच दुखावलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा आणखी तुटतो. लहान मुलाचा फार मोठा भाग भाजला असेल तर बाकीचे अंग कोरड्या चादरीत लपेटून ठेवावे, नाहीतर ते गारठते.

टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बटाट्याचा कीस, अंड्याचा बलक असे सगळे लेप मी या सचिनमध्ये पाहिले आहेत. यांतील एकही थंड करत नाही. टूथपेस्टचा गारवा हा पुदिन्याच्या अर्काचा भास आहे. उलट लेपाखाली उष्णता कोंडते, जखमेचा खरा रंग दिसत नाही, आणि तो लेप खरवडून काढताना मुलाला जे सोसावे लागते ते मूळ भाजण्यापेक्षा कमी नसते. पाणी ओतता ओतता अंगठी, बांगडी, दोरा, कडे काढून घ्यावे, कारण सूज आल्यावर ते निघत नाही. फोड फोडू नयेत. नंतर स्वच्छ, कोरडे, धूतवस्त्र सैलसर पांघरावे, आणि डॉक्टरांकडे यावे. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते ते आठवून यावे. चेहरा, हात, सांधे, गुह्यांग किंवा हातापायाभोवती वेढा घालणारे भाजणे असेल, किंवा रुग्णाच्या स्वतःच्या बोटांसह तळव्याएवढे दहा भाग भाजले असतील, तर आमच्या दवाखान्यात वेळ न घालवता सरळ १०८ ला फोन करावा. एक तळवा म्हणजे साधारण एक टक्का, हे गणित घरच्यांनाही येते.

आता राहिला प्रश्न आजीबाईंचा. घरात पाणीच नसेल तर? वीस लिटरची एक बादली घ्या. एका लिटरचा मग हळूहळू, धार धरून, मिनिटभर चालेल असा ओता. वीस मग, वीस मिनिटे. एका बादलीत काम होते. पत्रकांत ‘पाण्याची बादली जवळ ठेवा’ असे जे लिहिलेले असते ते वाचून लोकांना वाटते, की ती आग विझविण्यासाठी आहे. तीही आहेच, परंतु डॉक्टर म्हणून मी ती मुलाच्या हातासाठी मागतो.

दुसरे, कपड्यांचे. आपण सुरतेत राहतो आणि देशातील कृत्रिम धाग्याच्या कापडाचा मोठा हिस्सा याच शहरात विणला आणि रंगविला जातो. आपल्या सचिनच्या कित्येक घरांतील चूल त्याच धाग्यावर पेटते. त्यामुळे दिवाळीचे नवे कपडे पॉलिएस्टरचे असणार हे उघड आहे, आणि ‘सुती घाला’ असे सांगताना मला नेहमी थोडे चोरट्यासारखे होते. पण गुणधर्म गुणधर्मच. पॉलिएस्टर साधारण अडीचशे अंश सेल्सियसच्या पुढे वितळते. वितळलेला थेंब त्वचेला चिकटतो, आणि ओढून काढला तर त्वचेसह निघतो. तो ओढू नये. त्यावर पाणी ओतत राहावे, पुढचे आम्ही पाहू. सुती कापड पेटत नाही असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. सैल, झिरझिरीत सुती ओढणी पॉलिएस्टरपेक्षाही चटकन पेटते. फरक एवढाच, की ती वितळून चिकटत नाही. म्हणून माझे सांगणे सुती यापेक्षा अंगाबरोबर बसणारे आणि जाडसर असे असते. ओढणी खोचलेली, केस बांधलेले, पायांत चप्पल नव्हे तर बूट. फुलबाजीची गरम तार जमिनीवर टाकली जाते आणि अनवाणी पाय तिच्यावर पडतो, ही जखम दर वर्षी येते.

फुलबाजीविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण तिला आपण फटाका मानतच नाही. इथल्या मुलांच्या तोंडी ती तारामंडळ. दोन वर्षांच्या मुलाच्या हाती आपण ती कौतुकाने देतो आणि छायाचित्र काढतो. तिच्या टोकाचे तापमान हजार अंश सेल्सियसच्या आसपास जाते. ज्या कढईत आपण चकल्या तळतो तिच्यातील तेल दोनशेच्या आत असते. त्या कढईजवळ मूल आले तर आपण ओरडतो. मला विचाराल तर पाच वर्षांखालील मुलाच्या हाती फुलबाजी देऊच नये, आणि मोठ्या मुलानेही ती हात लांब करून, एका वेळी एकच धरावी. विझलेल्या तारा बादलीत टाकाव्यात.

अनार, ज्याला आपले गुजराती शेजारी कोठी म्हणतात, तो दुसरा फसवा. वात पेटते, फुसफुसते, थांबते. चार सेकंद काही होत नाही. मग मूल वाकून पाहते. माझ्या अनुभवात अनाराने चेहरा भाजलेली जवळजवळ सर्व मुले वाकून पाहणारी होती. मातीच्या कुंडीत दारू दमट झाली किंवा विषम भरली गेली की फवारा न उडता कुंडीच फुटते आणि तिच्या खापऱ्या उडतात. न पेटलेल्या फटाक्याजवळ पुन्हा जाऊ नये. निदान वीस मिनिटे थांबून, दुरूनच पाणी ओतून तो भिजवावा. ही गोष्ट मुलांना पटते, कारण ती करताना त्यांना मजा येते. ‘जाऊ नको’ ही आज्ञा पटत नाही; ‘पाणी ओत’ हे काम पटते.

हातात धरून बॉम्ब पेटवून फेकण्याचे शौर्य सोळा ते पंचवीस या वयात होते. यात बोटे जातात. बोट तुटलेच तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावे, ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात घालू नये. हे वाक्य लिहिताना मला बरे वाटत नाही, पण माहीत असलेले बरे. कानांचेही तसेच. फटाक्याच्या आवाजाची कायदेशीर मर्यादा चार मीटरवर १२५ डेसिबल अशी आहे. एक मीटरवर काय होत असेल याची कल्पना करावी. दुसऱ्या दिवशीही कानात गुंजारव राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे, आपोआप जाईल म्हणून थांबू नये. दमेकऱ्यांसाठी पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे २०१६ चे काम लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्यांच्या मोजणीत सर्वांत जास्त सूक्ष्म कण सोडणारा प्रकार ठरला तो बॉम्ब नव्हे, तर नागगोळी. जी आपण निरुपद्रवी म्हणून लहानग्यांना देतो आणि जिच्यावर ते ओणवे बसतात.

डोळ्यांच्या बाबतीत नियम थोडे वेगळे आहेत. डोळ्याला स्फोटाचा मार बसला असेल, रक्त दिसत असेल किंवा काही रुतले असेल, तर डोळा चोळू नये, धुऊ नये, दाबून पट्टी बांधू नये, मलम घालू नये. कागदी कपाचा तळ डोळ्यावर अलगद ठेवून तो बाजूने चिकटवावा आणि तडक नेत्रतज्ज्ञांकडे जावे. नुसती राख किंवा भुकटी उडाली असेल आणि मार नसेल, तर मात्र भरपूर पाण्याने धुवावे.

आणि इथे एक नवे संकट नोंदवावेसे वाटते. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, भोपाळ आणि आसपासच्या जिल्ह्यांत, कार्बाइड गन नावाच्या घरगुती खेळण्याने तीनशेच्या घरात माणसांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यांत बहुतांश मुले. काहींची दृष्टी गेली. प्लास्टिकच्या नळीत कॅल्शियम कार्बाइडचा खडा टाकायचा, थोडे पाणी घालायचे, लायटरने ठिणगी द्यायची. पाण्याशी संयोग होऊन ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि त्याचा बार उडतो. बार उडाला नाही की मूल नळीत डोकावते. वायूबरोबरच तिथे चुना तयार झालेला असतो, आणि तो स्फोटाबरोबर डोळ्यांत जातो. म्हणजे आच, मार आणि क्षार अशी तिहेरी जखम. आम्लापेक्षा क्षार डोळ्यांत अधिक खोल शिरतो, हे आपण डॉक्टर जाणतो. हे सचिनकरांना सांगण्याचे कारण असे, की औद्योगिक वसाहतीत कार्बाइड ही काही दुर्मीळ वस्तू नव्हे. वेल्डिंगच्या कामामुळे तिचे नाव इथल्या पोरांना ठाऊक आहे. नळीही कुठेही मिळते आणि ती बनवायची कशी हे मोबाइलवर दिसते. कार्बाइडचे कण त्वचेवर किंवा पापण्यांवर असतील तर आधी कोरड्या कापडाने अलगद झटकावेत, मग पाणी. आणि पाणी भरपूर, थेंबभर नव्हे. क्षाराचा डोळा मात्र धुण्यासाठी एक क्षणही थांबू नये.

दिवाळीत इथल्या मिल आणि बाजार लाभपंचमीपर्यंत बंद असतात आणि निम्मे सचिन ताप्तीच्या रेल्वेने गावी निघते. बॅगेत मुलांसाठी फटाके असतात, कारण ‘सुरतेत स्वस्त मिळतात’. वरच्या फळीवर फटाके, खाली बिडी, आणि एका बाकावर नऊ माणसे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ नुसार यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कैदेपेक्षा मला त्या दाराची भीती वाटते, जिथून आग लागल्यावर कोणालाच बाहेर पडता येणार नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये हरियाणात रोहतकजवळ एका पॅसेंजर गाडीत गंधक-पोटॅश पेटून प्रवासी भाजले. आपल्या डब्यांच्या मानाने तिथली गर्दी काहीच नसावी.

स्वस्त या शब्दावरून आठवले. पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक यांचे मिश्रण आपल्या देशात १९९२ पासून बंदीखाली आहे, कारण ते नुसत्या घर्षणाने किंवा धक्क्यानेही पेट घेते. रस्त्यावरच्या पाटीवरचा बिननावाचा, बिनपत्त्याचा माल घेताना त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ रोजी माळांवर आणि बेरियमच्या क्षारांवर बंदी घातली, दिवाळीच्या रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली, आणि ग्रीन फटाक्यांखेरीज इतर फटाक्यांना मनाई केली. या ग्रीन फटाक्यांची सूत्रे नागपूरच्या नीरी संस्थेने तयार केली, आणि स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालयही नागपुरातच आहे, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा. परंतु ग्रीन याचा अर्थ धूर कमी, भाजणे कमी असा नव्हे. ग्रीन अनारही तितकाच भाजतो. माळेवरील बंदी मात्र मला मनापासून मान्य आहे. पर्यावरणाचे कारण मोठे आहेच. माझे कारण लहान आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत जास्त न उडालेले फटाके सापडतात ते माळेच्या कचऱ्यात.

कोणी म्हणेल, डॉक्टरसाहेब आपली परंपराच बुडवायला निघाले. तसे नाही. भांडारकर संस्थेचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी भारतातील आतषबाजीच्या इतिहासावर एक प्रबंध लिहिला, तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरातही दारूकामाचे प्रकार येतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्यातच पेशव्यांच्या बखरीतला एक प्रसंग आहे: कोट्याच्या राजाकडे दिवाळीला दारूची लंका उभारून कशी जाळतात याचे वर्णन महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांपुढे केले, आणि पेशव्यांनी तसाच देखावा पर्वतीच्या पायथ्याशी करविला. पुणेकरांनी तो दुरून पाहिला. म्हणजे आपली परंपरा काय, तर मोकळे मैदान, जाणते दारूकाम करणारे, आणि अंतरावर उभे असलेले प्रेक्षक. गल्लीत, दुचाकींच्या मध्ये, प्रत्येकाच्या हातात काडी, ही परंपरा नव्हे. ती शिवकाशीचा माल स्वस्त झाल्यानंतरची सवय आहे. ज्या सचिनमध्ये आपण राहतो त्याचे नवाबही जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातले, १७९१ पासूनचे. त्यांना नऊ तोफांची सलामी असे. ती तोफही ज्याने त्याने घरासमोर उडवत नसत.

जाणत्यांच्याही हातून अपघात होतात, हे खरे. सांगली जिल्ह्यातील कवठेएकंद हे गाव दसऱ्याच्या आतषबाजीसाठी प्रसिद्ध, आणि तिथल्याच फटाका कारखान्यात २०१५ च्या मे महिन्यात भीषण स्फोट झाला. आपल्या गुजरातेत डीसा येथे १ एप्रिल २०२५ रोजी एका गोदामात बेकायदा फटाके बनत असताना स्फोट होऊन २१ माणसे मेली. मध्य प्रदेशातून पोटासाठी आलेले मजूर. स्त्रिया आणि मुलेही. आपणही इथे पोटासाठीच आलेली माणसे. फटाका उडवणारा, बनवणारा आणि दुसऱ्या दिवशी वेचणारा, हे तिघे सहसा एका घरातले नसतात.

२०१० पासून आमच्या सोसायटीत मी एक व्यवस्था सुरू केली. पहिल्या वर्षी हसू झाले. फाटकाशेजारच्या मोकळ्या जागेत एकच ठिकाण ठरविले. तिथे दोन पाण्याची पिंपे आणि चार बादल्या, शिवाय एक वाळूची. दहा वाजता सर्व थांबायचे, आणि साडेदहाला दोन माणसांनी विजेरी व झाडू घेऊन रस्ता झाडायचा. जे उडाले नाही ते सगळे पिंपात. रात्रभर भिजू द्यायचे, सकाळी तो लगदा ओल्या कचऱ्यासारखा बांधून सफाई कामगारांना सांगून द्यायचा. नुसता कचराकुंडीत टाकला तर कुंडी पेटते, हेही एकदा झाले. पहिल्या वर्षी झाडायला मी आणि माझी पत्नी असे दोघेच होतो. तिसऱ्या वर्षी सहा जण झाले. मग दोन वर्षे उत्साह ओसरला, कोविडच्या काळात तर सारेच बंद होते, आणि आता पुन्हा चार-पाच जण येतात. पूर्ण यश आले असे मी म्हणणार नाही. मागील वर्षीही वरच्या मजल्याच्या गच्चीतून एकाने रॉकेट सोडलेच, आणि ते शेजारच्या गाळ्यातील चिंध्यांच्या गठ्ठ्यांपाशी पडले. बादली होती म्हणून विझले.

तो मुलगा आता पंचविशीत आहे. एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात काम करतो, लग्न झाले आहे. तापाला, खोकल्याला माझ्याकडेच येतो. सुईत दोरा ओवताना डोके एका बाजूला कलते करतो, उजव्या डोळ्याने पाहावे लागते म्हणून. मागील दिवाळीत तो आपल्या मुलीला घेऊन आमच्या फाटकापाशी पाहायला उभा होता, चांगले वीस पावले लांब. मी त्याला जवळ बोलावले नाही.

यंदा ही व्यवस्था आपल्या मंडळाने आणखी काही सोसायट्यांत आणि मागच्या खोल्यांच्या रांगांतही करावी, असे मी सुचविले आहे. खोल्यांच्या रांगेत प्रत्येक दहा घरांमागे एक झाकणाचे पिंप पुरेल. एक अडचण आहे: पाणी संध्याकाळी येते, आणि फटाके त्याच वेळी सुरू होतात. म्हणून पिंपे आदल्या संध्याकाळीच, म्हणजे नरकचतुर्दशीला, भरून ठेवावी लागतील आणि ती कोणी धुण्यासाठी वापरणार नाही यावर लक्ष ठेवावे लागेल. रात्री साडेदहाला झाडायला ज्यांना येणे शक्य आहे, त्यांनी आपली नावे मंडळाच्या कार्यालयात किंवा माझ्या दवाखान्यात द्यावीत. झाडू आणि विजेऱ्या मी आणल्या आहेत.